कारच्या टपावर पॅडलबोर्ड: जळगाव ते नाशिक, उन्हातून आणि वाऱ्यातून कसा न्यायचा?

मेहरूणकर

राम राम मंडळी. दोन पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायच्या फळ्या, जळगावहून नाशिकला, गंगापूर धरणावर न्यायचे आहेत. एरवी जवळपास, वाघूर धरणाकडे. एक बोर्ड कडक, इपॉक्सीचा: लांबी १० फूट ६ इंच, रुंदी ३२ इंच, वजन १३ किलो. दुसरा हवा भरायचा. गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही. टपावर रेल आहेत, रेल आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट आहे. सनरूफ आहे, मागे शार्क फिन अँटेना. आडवे बार अजून घेतलेले नाहीत.

जायचं एप्रिलअखेर, पारोळा–धुळे–मालेगाव मार्गे. विचारायचं असं की या रेल भरवशाच्या आहेत का? ट्रकवाले वापरतात ते रॅचेट बेल्ट (दातेरी चाकाच्या दांड्याने आवळायचे) चालतील का? ते दुकानात लगेच मिळतात. बोर्ड सुलटा ठेवायचा की उलटा? आणि हवेचा बोर्ड घरीच फुगवून टपावर टाकला तर तिथला पंपाचा खटाटोप वाचेल का?

टपवाला

भाऊ, आधी रेलचं बघू. फट आहे म्हणजे रेल खरी, असं धरून चालू नका. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींना नुसती शोभेची रेल असते, आतून पोकळ, क्लिप आणि चिकटपट्टीवर बसवलेली. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि हाताने ओढून हे कळत नाही. गाडीचं मॅन्युअल काढा, रूफ रेलचं पान उघडा. तिथे किलोत आकडा दिला असेल तर रेल भार घेणारी. आकडाच नसेल, किंवा 'भार ठेवू नये' असं लिहिलं असेल, तर विषय संपला. मग दाराच्या चौकटीला पकडणारे बारचे पाय घ्यावे लागतील आणि तेही तुमच्या मॉडेलच्या मापाचेच.

आकडा असला तर त्यात बारचं वजनही धरायचं. समजा ५० किलो लिहिलंय, बारची जोडी ५ किलोची, बोर्ड १३ चा, तरी निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहते. वजनाने इथे काही अडत नाही. अडतं ते बारचे पाय नीट न बसल्याने. पायाच्या आतलं रबर रेलवर पूर्ण टेकलं पाहिजे आणि चारही बोल्ट सोबतच्या चावीने सारखे आवळले पाहिजेत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी धरली तर बार तिरका बसतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरात ढिला पडतो. रेलवर धूळ राहिली तरी रबर सरकतं, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

दोन बारमध्ये ७० ते ८० सेंटीमीटर अंतर ठेवा. ६० च्या खाली गेलात तर सव्वातीन मीटरचा बोर्ड पाळण्यासारखा झुलतो. बोर्डाची मधली मूठ साधारण त्याच्या तोलाच्या जागी असते; ती दोन बारच्या मधोमध येऊ द्या.

सनरूफ वर उचलून मागे सरकणारं असेल तर ते बारला किंवा बोर्डाला आपटेल. बार बसवल्यावर एकदा हळू उघडून पाहा आणि प्रवासात बटणाला हात लावू नका. मागच्या सीटवर पोरं असतील तर लॉकच करा. डिकीचं दारही पूर्ण वर केल्यावर बोर्डाच्या शेपटीला लागतं का ते आधी बघा. अँटेनासाठी बोर्डाचं तळ आणि पत्रा यांच्यात किमान १० सेंटीमीटर मोकळे हवेत. काही सपाट, देखण्या बारची उंची इतकी कमी असते की शेपूट अँटेनावरच टेकते.

लळिंगवारा

टपवाल्यांनी सांगितलं ते पाया झालं. आता वारा. ताशी ८० ला अडलेल्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण २८ किलो असतो, १०० ला ४४ किलो. वेग सव्वापट, दाब दीडपटीहून जास्त. बोर्ड दोन चौरस मीटरच्या आसपास असतो. त्याचं नाक वर वळलेलं असेल आणि वारा खालून शिरला तर तो १३ किलोचा राहत नाही.

म्हणून बोर्ड उलटा: उभं राहायची, फोमची बाजू खाली, नाक पुढे. नाकाचा वळसा मग बॉनेटकडे झुकतो आणि वारा बोर्डाला बारवर दाबतो. फोमची बाजू बारवर असली की सरकतही कमी. फिन, म्हणजे शेपटीखालचं उभं पातं, काढून गाडीत ठेवा, तिचा स्क्रू आणि चकती एका डबीत. काही जण फिन न काढता शेपूट पुढे ठेवतात. बोर्ड मागे सरकला तर फिन पट्ट्याला अडते, हा त्यांचा हिशेब. छोट्या सर्फबोर्डाला तो लागू पडतो. पॅडलबोर्डाची नऊ इंची फिन वाऱ्यात उभी ठेवून धुळ्यापर्यंत जायचं म्हणजे फिनच्या पेटीला, ती बसते त्या खाचेला, तडा जायची सोय.

बारवर गादी हवीच. बाजारातली महागडी घ्यायची गरज नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी नायट्रिलची नळी घ्या, १९ मिलिमीटर जाडीची, लांबीने चिरून बारवर बसवा, दर वीत-दीड वीत अंतरावर केबल टाय. गाठीचं तोंड खालच्या बाजूला. वरून जुन्या सुती चादरीची पट्टी गुंडाळा, नाहीतर काळी नळी उन्हात तापून बोर्डाला चिकटते आणि डाग सोडते.

पट्टे २५ मिलिमीटर रुंद, कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायचे, दातेरी चापाचे), पॉलिएस्टरचे. एका बोर्डाला प्रत्येकी साडेतीन ते चार मीटरचे दोन पुरतात. नायलॉन ओला झाला की ताणतो, स्वस्त पॉलिप्रॉपिलीन उन्हाने भुसभुशीत होतं. बंजी कॉर्ड, म्हणजे हुकाची लवचीक दोरी, यासाठी अजिबात नाही. ताणली जाणं हाच तिचा धर्म.

बांधायची रीत: बकलचं टोक एका बाजूला बोर्डाच्या कडेजवळ लोंबू द्या, बकलखाली जाड फडकं. मोकळं टोक बोर्डावरून पलीकडे टाका, बारच्या खालून घ्या, परत बोर्डावरून अलीकडे आणा, या बाजूच्या बारखालून घेऊन खालून वर बकलमध्ये ओवा. बोर्डावर पट्ट्याचे दोन पदर झाले पाहिजेत. पट्टा बोर्डाच्या कडेला लागून खाली उतरावा. तो लांब, बारच्या टोकाकडे गेला तर बोर्डाला डावी-उजवीकडे सरकायला जागा मिळते. पट्टा बारलाच गुंडाळायचा, रेलला नाही.

मग दोन्ही हातांनी नाक धरून हलवा. गाडी हलली पाहिजे, बोर्ड वेगळा हलता कामा नये. उरलेलं टोक बकलखाली दोनदा गुंडाळून गाठ मारा. ही गाठ म्हणजे बकल सटकलं तर दुसरा आधार. मोकळं टोक वाऱ्यात फडफडून रंग सोलतं.

पुढची दोरी विसरू नका. महामार्गावर नाकाला दोरी नसलेला बोर्ड बघितला की मी लेन बदलतो. बॉनेट उघडा, दोन्ही बाजूंना फेंडरचे बोल्ट दिसतील. एकेक बोल्ट काढून त्याखाली पट्टीचा फास बसवा, बॉनेट लावल्यावर फास बाहेर येतो. दोन्ही फासांतून नाकाकडे उलट्या व्हीसारखी दोरी. प्लॅस्टिकच्या बंपरला किंवा जाळीला बांधू नका. दोरी नुसती सरळ व्हावी एवढीच ओढा. ताडपत्री आवळताना ट्रकवाले घालतात ती गाठ इथे नको, तिने ओढ दुप्पट-तिप्पट होते आणि नाक खाली वाकून बोर्ड पुढच्या बारवर मोडतो. आणि दोरीचं टोक चाकाखाली जाईल इतकं लांब कधीच सोडायचं नाही.

धुळ्यापर्यंत तुम्ही पश्चिमेला जाता, म्हणजे वारा बहुतेक समोरून. धुळ्यानंतर रस्ता नैर्ऋत्येला वळतो आणि तोच पश्चिमेचा वारा उजव्या अंगाने तिरका लागतो. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. धुळ्यापुढच्या लळिंग घाटात आणि लांब पुलांवर ७० च्या आत राहा, बाकी ८०. ट्रकला ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर येतो त्या क्षणी एकदम धक्का बसतो. स्टिअरिंग दोन्ही हातांत. पहिला थांबा १० ते १५ किलोमीटरवर घ्या. गादी दबते, पट्टे अर्धा-एक इंच ढिले होतातच. मग पारोळा, मग धुळे.

बोर्डदुरुस्ती

बाकी बठ्ठं बराबर शे, पण रॅचेट बेल्टचं उत्तर राहिलं. नको. रॅचेट टनांचा माल आवळायला केलेला आहे. त्याची एक खाच पुढे गेली की किती दाब आला हे हाताला कळत नाही. कडक बोर्ड म्हणजे आत थर्माकोलच्या जातीचा फोम आणि वर काचेच्या धाग्याचं इपॉक्सीत भिजवलेलं पातळ कवच. काठावर बेल्ट रुतला की कवचाला केसासारखी रेघ पडते. ती कोरड्यात दिसतही नाही. पाण्यात गेलं की तिथून फोम पाणी पितो, आणि पुढच्या महिन्यात बोर्ड किलोभर जड लागतो. दुरुस्तीला येणाऱ्या काठाच्या तड्यांमध्ये पाण्यात आपटल्याचे कमी, आवळल्याचे जास्त. कॅम बकलमध्ये हाताच्या ताकदीएवढाच ताण येतो, तेवढाच पुरे. दाराला पाय लावून ओढायचं नाही.

कॅम बकलचा एक दोष मात्र ध्यानात ठेवा. आपली काळ्या मातीची बारीक धूळ त्याच्या दात्यांत बसते आणि पकड जाते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने, साध्या पाण्याने धुवा. तेल घालू नका. पट्ट्यावर लव आली, रंग उडाला, दुमडल्यावर कडकडीत वाटला, की बदला. दोन-चारशे रुपयांसाठी चाळीस हजारांचा बोर्ड पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता ऊन, जे इथे वाऱ्याइतकंच वाईट. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला जातो, आणि उभ्या गाडीचा पत्रा ७० अंशांपर्यंत तापू शकतो. कडक बोर्डाच्या आत हवा असते. ती बंद असेल आणि ३० अंशांवरून ६५ वर गेली, तर आतला दाब चौरस सेंटीमीटरला साधारण १२० ग्रॅमने वाढतो. ऐकायला किरकोळ, पण चौरस मीटरला ते १२०० किलो झाले. तेवढा जोर कवचाला फोमपासून सोडवायला बघतो. बोर्डावर तळहाताएवढा फुगा आलेला, दाबला की आत जातो, तो हाच प्रकार. त्याला घरगुती इलाज नाही. कवच कापून, आत इपॉक्सी भरून परत बसवावं लागतं.

तुमच्या बोर्डावर मुठीजवळ छोटा स्क्रू असेल, तो हवेचा व्हेंट. काहींना आपोआप श्वास घेणारा व्हेंट असतो, त्याला हात लावायचा नाही. हाताने फिरवायचा असेल तर गाडीवर चढवताना दोन-तीन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. आणि पाण्यात उतरवण्याआधी घट्ट करा. याची चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा. सैल व्हेंटने बोर्डात पाणी जातं. जळगावहून नाशिकपर्यंत सुमारे ४०० मीटर चढ आहे, त्याचाही थोडा दाब पडतो, पण खरा खेळ उन्हाचा.

वरून चंदेरी, उष्णता परतवणारी मापाची पिशवी घाला. ताडपत्री किंवा काळं प्लॅस्टिक नको. काळ्याखाली बोर्ड भाजतो, ढिली ताडपत्री शिडासारखी फुगते. पिशवी घातली तर पट्टे पिशवीवरून बांधायचे आणि बांधण्याआधी आतली धूळ झटकायची, नाहीतर पिशवीच पॉलिश पेपरसारखी घासते. जेवायला थांबलात तर निंबाखाली गाडी लावा. सावली दुपारी सरकते, हे जेवताना लोक विसरतात. पहाटे पाचला निघालात तर यातलं निम्मं टळतं.

हवेचा बोर्ड टपावर नकोच. पहाटे २५ अंशांना १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरला आणि आतली हवा ६५ ला पोहोचली की दाब १९ पर्यंत जातो. तेवढ्याने लगेच फुटेल असं नाही, पण तापून मऊ झालेला डिंक आणि वाढलेला दाब एकत्र आले की काठाची शिवण उसवते. दाब कमी करून नेला तर बोर्ड मऊ होतो, वाऱ्यात लपलपतो, पट्टे ढिले पडतात. गुंडाळून डिकीत टाका. १२ व्होल्टचा पंप दहा मिनिटांत फुगवतो, तेवढ्यात तुमचा कडक बोर्ड खाली उतरतो. पंप चालताना गाडी चालू ठेवा, बॅटरी वाचेल. गुंडाळताना बोर्ड कोरडा आणि खडे-माती झटकलेला असावा. घडीत सापडलेला एक खडा भोक पाडायला पुरतो.

चाळीसगावकर

माझ्याकडे सेडान, रेल नाही, बार नाही. कडक बोर्ड दोन. हवा भरायच्या गाद्या मिळतात, दारातून पट्टा घेऊन टपावर बांधायच्या, त्यांवर कन्नड घाटातून छत्रपती संभाजीनगरला जाता येईल का?

टपवाला

दादा, गाद्या गावातून तलावापर्यंत, ४०-५० च्या वेगाने, एका बोर्डासाठी ठीक. घाट चढून महामार्गावर दोन बोर्ड, नको. त्या नुसत्या घर्षणावर उभ्या असतात आणि उन्हात त्यांचीही हवा फुगते. तुमच्या मॉडेलला बसणारे दाराच्या चौकटीचे पाय आणि बार घ्या.

गाद्या वापरल्याच तर पट्टा दारातून घ्यायचा, खिडकीतून नाही. खिडकीतून घेतलात तर दारंच उघडत नाहीत आणि लोक काचेतून बाहेर पडतात. पाऊस आला की पट्ट्यावरून पाणी थेट सीटवर उतरतं. दाराबाहेर पट्ट्याला दोरीचा तुकडा बांधून लोंबता सोडलात तर पाणी तिथे ठिबकतं.

दोन बोर्ड एकावर एक: दोन्ही उलटे, दोन्हींची नाकं पुढे, मोठा खाली. मध्ये जाडसर टॉवेल किंवा योगा मॅटचे दोन तुकडे, बरोबर बारच्या वर येतील असे. दोन्हींच्या फिन काढायच्या. पट्टे साडेचार मीटरचे लागतील. आधी खालचा स्वतंत्र पट्ट्याने बांधा, मग दोन्हींवरून दुसरी जोडी. एकाच जोडीत दोन्ही बांधले तर वरचा सरकला की खालचाही ढिला होतो.

साक्रीकर

दोन गोष्टी राहिल्या. महामार्ग संपून धरणाकडे जाणारा शेवटचा कच्चा रस्ता जास्त त्रासाचा. दोन्ही बाजूंना बाभळी, फांद्या टपाच्या उंचीला. नेहमी गाडीखाली काय येतंय ते बघायची सवय असते, टपावर अर्धा फूट वाढलाय हे डोक्यात राहत नाही. काट्याने कडक बोर्डाला ओरखडा, फुगवलेल्याला सरळ भोक. गाडीची नवी उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा, हॉटेलांच्या तळघरातल्या पार्किंगलाही उपयोग होतो. गतिरोधकावर तिरकं चढू नका, टप पिळवटतो आणि बारच्या पायांवर ताण येतो.

दुसरं, कायदा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ च्या पोटकलम १अ खाली २० हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च. १० फूट ६ इंच म्हणजे ३२० सेंटीमीटर. चार मीटरच्या गाडीच्या आत बसतो, पुढे-मागे नीट वाटून ठेवला तर. १४ फुटी रेसचा बोर्ड ४२७ सेंटीमीटर, तो छोट्या गाडीवर बसतच नाही. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, तेही बघा.

मेहरूणकर

मॅन्युअल काढलं. रेलला ५० किलो लिहिलंय. कॅम बकलचे पट्टे मागवतो, हवेचा बोर्ड डिकीत. एकच शंका: पट्टे बांधून कॉलनीत चक्कर मारली तर ५० च्या पुढे टपावर घूंऽऽऽ असा आवाज येतो, असं एका शेजाऱ्याने सांगितलं. बार ढिले असतात का?

लळिंगवारा

नाही, पट्टा वाजतो. सपाट पट्टी ताणून वाऱ्यात धरली की ती थरथरते. बोर्डाच्या कडेपासून बारपर्यंतचा जो उघडा भाग, तिथे बांधतानाच पट्ट्याला एक-दोन पीळ द्या, आवाज थांबतो. बोर्डावर टेकलेल्या भागात पीळ नको, तिथे तो रुततो. पीळ देऊनही घूं राहिला तर बारच्या टोकांची प्लॅस्टिकची झाकणं लागली आहेत का पाहा, उघड्या टोकातून वारा शिरून बार बासरीसारखा वाजतो. आणि आवाज घूं नसून टक-टक असेल तर गाडी बाजूला घेऊन उतरा, तो बकलचा किंवा बारच्या पायाचा असतो.